मुलींच्या अपेक्षांचा सातबारा

"मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात." गेल्या काही वर्षांत मराठी खेड्यापाड्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कुणी बोलायला लागलं की पुढचं सगळं मला पाठ असतं. वधू-वर मेळाव्याच्या मांडवात ते ऐकू येतं, पारावर ऐकू येतं. स्थळं सुचवणाऱ्या मध्यस्थाची तर सुरुवातच तिथून होते, आणि हल्ली कीर्तनातही ते पेरलं जातं. पोरीला नोकरीवाला हवा, पुण्यात फ्लॅट हवा, सासू-सासरे जवळ नकोत, आणि शेतकरी तर नकोच नको. यावर शहरातल्या शिकलेल्या मंडळींचं उत्तरही ठरलेलं असतं. मुली आता स्वतंत्र झाल्या, त्यांची निवड त्या करतात, पटत नसेल तर बसा तसेच. एकीकडे मुलीला दूषण, दुसरीकडे मुलाची टिंगल. वाद जोरात चालला आहे, पण ज्या घरात ही मुलगी नांदायला जाणार, त्या घराचा उंबरा ओलांडून आत बघायला दोन्ही बाजू तयार नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगते. शेतकरी मुलाला नकार देणारी मुलगी कष्टाला नाही म्हणत नाही, मातीलाही नाही. तिच्या आईने ज्या अटींवर शेतात आणि घरात जन्म काढला, त्या अटी तिला मान्य नाहीत. वीस-बावीस वर्षं तिने ते घर आतून पाहिलेलं असतं. तिचा नकार ही शेतकरी घरातल्या सुनेच्या जागेबद्दलची साक्ष आहे, आणि साक्षीदाराला दरडावून खटला निकाली निघत नाही.

हे मी लांबून बोलत नाही. आमचं गाव मराठवाड्यातलं. सहा एकर जमीन, त्यातली दोन एकर विहिरीवर भिजते, तीही कशीबशी फेब्रुवारीपर्यंत. माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे, शेती मन लावून करतो, सुपारीचंही व्यसन नाही, आणि त्याचं लग्न जमत नाही. आणि मी स्वतः 14 वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातलं एक चांगलं शेतकरी स्थळ नाकारलं होतं. जमीन आमच्यापेक्षा जास्त, माणसं सज्जन, मुलगा पदवीधर. तरीही मी नाही म्हणाले. आज माझ्या भावाला नकार देणाऱ्या मुलींवर आमच्या घरात कुणी चिडलं की मला माझाच नकार आठवतो. त्यामुळे या प्रश्नात मला कुठल्याच एका बाजूला आरामात बसता येत नाही.

मुलांचं दुःख खरं आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि आम्हाला बायको मिळवून द्या, अशी मागणी केली. राज्यभर त्याची चेष्टा झाली. मला हसू आलं नाही. तिशी ओलांडलेला बिनलग्नाचा मुलगा खेड्यात कसा जगतो ते मी घरात बघते. आधी तो दुसऱ्याच्या वरातीत नाचायला जायचं सोडतो, मग लग्नाला जायचंच सोडतो. भावकीतल्या बायका त्याच्यासमोर "याचं जमलं का गं कुठं?" असं आईला विचारतात, आणि तो उठून गोठ्याकडे जातो. बायको ही सरकारने वाटायची वस्तू असल्यासारखी ती मागणी मला मान्य नाही. पण त्या मोर्चाच्या निवेदनात आणखी एक मागणी होती, आणि ती मात्र फारशी कुणी मनावर घेतली नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणे राबवा, असं ते तरुण म्हणत होते. ज्यांना राज्य हसलं त्यांना दुखण्याचं एक मूळ बरोबर सापडलं होतं.

कारण हा हिशेब साधा आहे. 1991 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटातल्या दर 1000 मुलग्यांमागे 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 राहिल्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्याचा 2011 चा आकडा 807 आहे. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये याच महाराष्ट्राने केला होता, आणि ही घसरण त्या कायद्याच्या डोळ्यांदेखत झाली. 2001 ला जी बाळं मोजली गेली ती आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे नेमकी लग्नाच्या वयात. 2011 ची बाळं आता दाराशी येतील, तेव्हा ओढ आणखी वाढेल. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये 'नकुशी', म्हणजे नको असलेली, अशा नावाच्या दोनशेहून अधिक मुलींचं नव्याने बारसं करावं लागलं होतं. त्या निदान जन्मल्या तरी. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांच्या अपेक्षा कुणी विचारायच्या? मुलगी नको म्हणणारी पिढी आज सासू-सासरे होण्याच्या वयाची आहे, आणि सून मिळेना तेव्हा तिला चूक दिसते ती जन्मलेल्या मुलींच्या डोक्यात.

हा हिशेब मांडला की लोक म्हणतात, ते खरं, पण ज्या मुली आहेत त्या तरी कुठे हो म्हणतात? अपेक्षा तर वाढल्याच ना? हो, वाढल्या. पण लग्नाच्या बाजारात अपेक्षा ठेवण्याची सुरुवात मुलींनी केली का? गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष, हे शब्द कुणाच्या यादीतले होते? कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीला चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव, केस मोकळे सोडून दाखव, असं सांगणाऱ्या घरांच्या अपेक्षांना आपण रीत म्हणत आलो. हुंडा 1961 च्या कायद्याने गुन्हा ठरला, तरी मानपानाच्या नावाखाली त्याची यादी लांबतच गेली, आणि मुलांच्या अपेक्षा फार वाढल्यात असं काही कुणी कीर्तनात सांगितलं नाही. त्याही आधी, इंग्रजी शिकलेल्या तरुणांना चार अक्षरं येणारी बायको हवीशी वाटू लागली तेव्हा मुलींच्या शाळांना बळ मिळालं, आणि त्या अपेक्षेला तर आपण सुधारणा हे मोठं नाव दिलं. मुलाने बायकोबद्दल काही ठरवलं की ती सुधारणा, मुलीने नवऱ्याबद्दल काही ठरवलं की तो माज. हा भेद आपण इतक्या सहज करतो की तो केला हे लक्षातही येत नाही.

हा वाद महाराष्ट्रात आधीही झाला आहे, आणि तो आजच्यासारखाच वाईट रीतीने झाला होता. 1884 मध्ये दादाजी भिकाजी या गृहस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की आपली बायको रखमाबाई नांदायला येत नाही, तिला पाठवा. रखमाबाईंचं लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी लागलं होतं. त्या सासरी गेल्या नव्हत्या आणि जायला तयार नव्हत्या. त्यांच्या बाजूने न्यायालयात जी कारणं मांडली गेली ती आज वाचली की मी थबकते. नवऱ्याला दोघांच्या राहण्याची आणि पोटापाण्याची नीट सोय करता येत नाही. त्याची प्रकृती बरी नाही. आणि तो ज्या माणसाच्या आश्रयाने राहतो त्या माणसाच्या घरात मला राहायचं नाही. उत्पन्न, तब्येत, आणि कुणाबरोबर राहायचं! आजच्या बायोडाट्यातल्या 'अपेक्षा' या रकान्यात आणखी वेगळं काय असतं? न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण तो अपिलात टिकला नाही, आणि 1887 मध्ये त्यांना सांगण्यात आलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. 'केसरी'ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली; मुलींना इंग्रजी शिकवलं की असंच होणार, हा त्या काळच्या सनातन्यांचा सूर होता. 1888 मध्ये दादाजींनी 2000 रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढची कित्येक वर्षं सुरत-राजकोटच्या बायकांची बाळंतपणं त्यांच्या हातून झाली.

त्या वेळी जे लोक धर्म बुडाला म्हणून ओरडत होते ते सगळे दुष्ट होते असं मी मानत नाही. त्यांतले बरेच जण खरोखर घाबरलेले होते. एका बाईने नाही म्हटलं आणि कायद्याने तिला तसं म्हणू दिलं, तर घरं टिकतील कशी, ही त्यांची भीती होती. घरं टिकली. आज कुठलाही बाप अकरा वर्षांच्या लेकीला न विचारता देण्याचा अभिमान सांगणार नाही. रखमाबाईंच्या अपेक्षा तेव्हा अवाजवी वाटल्या. त्यांच्या पणत्यांना त्या किमान वाटतात.

आता घराच्या आत येऊ. माझी आई पहाटे पाचला उठते. अंगण, शेण, धारा, चहा, स्वयंपाक, डबे. नऊपर्यंत शेतात. ऋतूप्रमाणे खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, तुरीच्या शेंगा. सहाला घरी आल्यावर वडील ओसरीवर बसतात, आणि तसा त्यांना हक्कच आहे, कारण ते दमलेले असतात. आई चुलीपुढे बसते. तीही तितकीच दमलेली असते, पण ते मोजायची रीत आमच्या घरात नाही. सरकारने मोजलं तेव्हा काय दिसलं? 2019 च्या वेळवापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची 97. त्यातही अशा कामाला हात लावणारे पुरुषच मुळात चारात एक. 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी 76.9 टक्के शेतीत आहेत, पुरुषांपैकी निम्मेच. म्हणजे शेती आता मोठ्या प्रमाणात बाईच्या हाताने चालते. आणि जमीन? 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये, म्हणजे ज्यांच्या नावावर शेतीचा कारभार चालतो त्यांच्यात, बायका सुमारे 14 टक्के होत्या. राबणारी ती, आणि बँकेत, सोसायटीत, तलाठ्याच्या दप्तरात शेतकरी म्हणून नोंद दुसऱ्याची. मी त्या स्थळाला नाही म्हणाले तेव्हा मला नेमके शब्द सुचले नव्हते. मला एवढंच दिसत होतं की त्या घरची सासू माझ्या आईसारखीच दारामागे उभी राहून बोलते.

समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा इथे येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, शहरातल्या 20 हजारांच्या कंत्राटी नोकरीला तुम्ही हो म्हणता, भाड्याच्या एका खोलीत संसार थाटता, आणि ज्याच्या घरी दूधदुभतं, मोकळी हवा, स्वतःची चार एकर बागायत आहे त्याला नाकारता. हा शहाणपणा कसला? यात तथ्य आहे. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांना एमआयडीसीतल्या नोकरीचं कंत्राट वर्षभरात संपेल हे ठाऊक नव्हतं. मोबाईलवरचं शहर आणि खरं शहर यातला फरक लग्नानंतर कळून रडणाऱ्याही पाहिल्या. नुसत्या पॅकेजच्या आकड्यावर माणूस तोलणं हे हुंड्याइतकंच ओंगळ आहे, आणि तसं तोलणारी घरं वाढली आहेत हे मी नाकारत नाही.

पण ती भाड्याची खोली मुलीच्या नजरेने बघा. महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेले पैसे येतात. खोलीचं दार आतून लावता येतं. डबा लवकर बांधून झाला तर दुपारी शिवणाचा क्लास, पार्लरचं काम, दुकानातली नोकरी करता येते आणि त्याचा पगार तिच्या हातात येतो. उलट शेताचं काय? डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली आणि बाजारात भाव कोसळले. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलेलं आम्ही कितीदा पाहिलं. राज्यात 1970-71 मध्ये सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली, आणि पुढच्या वाटणीत आणखी खाली जाईल. ज्या धंद्यात बँक तारणाशिवाय मोठे पैसे घालत नाही, विमा कंपनी अटींशिवाय हात घालत नाही, सरकार भावाची हमी द्यायला कचरतं, त्या धंद्यात विशीतल्या मुलीने कुठल्याही कागदाशिवाय आख्खं आयुष्य गुंतवावं, अशी आपली अपेक्षा आहे. मग सांगा, अपेक्षा कुणाच्या वाढल्या?

आणि पुष्कळदा या अपेक्षा मुलीच्या नसतातच, हेही बोलायला हवं. मुलगा नोकरीवाला हवा आणि गावाकडे पाच एकर शेतीही हवी, ही विचित्र अट कुणाची असते? बहुतेक वेळा बापाची, मामाची, चुलत्याची. मुलीला शेतीत घालायची नाही, पण जावयाच्या नावापुढे जमीन दिसली पाहिजे, कारण ती भावकीत सांगता येते. त्याच घरात मुलासाठी मात्र शेतात राबणारी सून हवी असते. लेकीसाठी एक माप, सुनेसाठी दुसरं. माझ्या आईनेही मला "तुला मातीत घालणार नाही" म्हणत वाढवलं, आणि आता ती भावासाठी मातीत राबेल अशी सून शोधते. मी तिला दोष देत नाही, दोन्ही वेळा ती आपल्या लेकराचंच बघते. मुलाकडचेही निवड आधी जातीपुरती आखून घेतात, मग पोटजातीपुरती, मग कुळापुरती, मग पत्रिकेपुरती. एवढ्या चाळण्यांतून खाली काही उरलं नाही की दोष मुलींच्या डोक्यावर. परप्रांतातून, दलालाला पैसे मोजून, जात न विचारता सून आणायला मात्र तीच माणसं तयार होतात, हे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात आता नवीन राहिलेलं नाही. जातीची भिंत पैशाच्या व्यवहारासाठी वाकते, मग शेजारच्या गावातल्या शिकलेल्या मुलीने स्वतः निवडलेल्या मुलासाठी का वाकत नाही?

शहरातल्या टाळ्या वाजवणाऱ्यांनाही मला काही विचारायचं आहे. मुली स्वतंत्र झाल्या म्हणजे कोणत्या मुली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचात एकीहून जास्त. तिच्या बायोडाट्यात अपेक्षांचा रकाना नसतो, कारण तिचा बायोडाटाच निघत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीवर मिळते, आणि जोडी व्हावी, शिवाय वयात आलेली लेक पालावर एकटी ठेवायला नको, म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्नं उरकली जातात. या मुली फडात मोळ्या वाहतात, दिवस गेले तरी वाहतात, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अपेक्षा न वाढलेल्या मुलीचं काय होतं, ते बघायचं असेल तर फार लांब जायची गरज नाही. आणि तिच्यावर ना कुणी मेळाव्यात बोलत, ना कुणी तिच्या स्वातंत्र्याचं कौतुक करत.

मग शेती करायची कुणी? पोरी अशाच शहराकडे गेल्या तर गाव ओस पडेल, सण-उत्सव, जत्रा, शेताच्या बांधावरची वेळाअमावास्या, हे सगळं कोण सांभाळणार? हा प्रश्न मला खरोखर छळतो. वेळाअमावास्येला शेतात कोपी, म्हणजे कडब्याची छोटी खोप, करून आईने वाढलेली भज्जी आणि आंबील माझ्या जिभेवर आहे, आणि माझ्या मुलीच्या जिभेवर ती नसेल याचं दुःखही आहे. पण गाव टिकवण्याची सगळी जबाबदारी ज्या एका माणसावर टाकायची, त्याचं नाव गावाच्या एकाही कागदावर नसावं, हे कसं चालेल?

हे मी नवीन काही सांगत नाही. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखाहून अधिक बाया आल्या होत्या, बैलगाड्यांनी, ट्रकने, पायी. शेतकरी संघटनेची घोषणा होती, भीक नको, हवे घामाचे दाम. संघटनेचे नेते शरद जोशींनी पुढे तीच घोषणा शेतकऱ्याच्या घरात नेली. सरकार तुझ्या घामाचं मोल देत नाही म्हणून तू रस्त्यावर येतोस, मग तुझ्या घरच्या लक्ष्मीच्या घामाचं मोल तू दिलंस का, हा त्यामागचा सवाल होता. त्यातून लक्ष्मीमुक्ती उभी राहिली. हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला, आणि ज्या गावात शंभर जणांनी तसं केलं त्या गावाचा सत्कार झाला. हे काम शहरी स्त्रीवाद्यांनी येऊन केलेलं नाही. धोतर-टोपीतल्या, स्वतः कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी केलं. ते तेव्हा जमत असेल तर आज लग्न जमत नाही म्हणून मेळावे भरवणाऱ्या पुढाऱ्यांना त्याची आठवण का होत नाही?

कायदाही आडवा येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून हिस्सा 1994 मध्ये महाराष्ट्राने दिला, 2005 मध्ये देशाने. प्रत्यक्षात काय होतं? आजोबा वारले तेव्हा माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. माहेर तुटू नये म्हणून. हिस्सा मागितला असता तर दिवाळीची ओवाळणी बंद झाली असती हे त्यांना न सांगता कळत होतं. माहेरी त्या सही करून मोकळ्या झाल्या, आणि सासरी त्यांचं नाव लागणार ते नवरा गेल्यावर, वारस म्हणून. जिवंतपणी, नांदत असताना, राबत असताना, नाव कुठेच नाही.

कुणी म्हणेल, सातबाऱ्यावर नाव लावल्याने सोयाबीनला भाव येणार आहे का? नाही येणार. विहिरीला पाणी येणार आहे का? तेही नाही. शेतीचं दुखणं मोठं आहे आणि सरकारच्या धोरणात त्याची मुळं आहेत. मोटारीला रात्री दोनला वीज मिळते तोवर कुठल्याही घरातलं सुख अर्धंच राहणार. आणि नाव लागलं म्हणून उद्या दारात सोयरिकींची रांग लागेल, असंही मला वाटत नाही. पण घराच्या आतल्या अटी बदलायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, आणि गाव बदलतच नाही ही सबब खोटी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवेचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद केली. शेकडो वर्षांची म्हणतात ती रीत एका सभेत हात वर करून थांबवायची ठरवली, आणि मग राज्य सरकारला त्या गावाच्या मागे परिपत्रक काढावं लागलं. तशीच एखादी ग्रामसभा लग्नाच्या वर्षात सुनेचं नाव जमिनीला लावण्याचा ठराव का करत नाही?

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा भावाचा बायोडाटा पुन्हा छापायचा होता. मी म्हटलं, शेती सहा एकर असं लिहितोस, त्याखाली एक ओळ घाल. लग्नानंतर एक एकर पत्नीच्या नावावर करण्यात येईल. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "भावकी काय म्हणंल, ताई? आन् उद्या ती सोडून गेली तर?" मी म्हटलं, ती तर आपलं घर सोडूनच येणार आहे, तिने विचारलं का, उद्या तू सोडलंस तर? वडील ओसरीवर बसून ऐकत होते. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्यांच्यापुढे ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुनंचं लावा की. पर माझं कवा लावताव? अडतीस वर्सं झाली."